देवाला हाक कोणत्या नावाने मारावी?

कीर्तन संपून आरती झाली, बुक्का लावून मंडळी उठू लागली, की चार-दोन माणसे आमच्याजवळ येऊन बसतात. प्रत्येकाचे शब्द निराळे, पण प्रश्न एकच असतो. "महाराज, देवाला म्हणायचे तरी काय? विठ्ठल म्हणावे, की रामकृष्ण हरि म्हणावे? 'अरे विठ्ठला' म्हटले तर उद्धटपणा होतो काय? उच्चार चुकला तर दोष लागतो काय?" या शंका भोळ्या माणसांच्याच असतात असे नाही, शिकलेल्यांच्याही असतात. म्हणून त्यांचा एकत्र विचार या पाठात करू.

नाव आणि हाक

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. नाव घेणे निराळे आणि हाक मारणे निराळे. 'विठ्ठल विटेवर उभा आहे' या वाक्यात विठ्ठल हे नाव आहे. 'विठ्ठला, ये' यात तीच हाक झाली. मराठी व्याकरणात संबोधन ही आठवी विभक्ती मोजतात. संस्कृतात पाणिनींनी तिला वेगळी विभक्ती मानले नाही, संबोधनातही प्रथमाच सांगितली. पण अर्थाने अंतर मोठे आहे. ज्याचे नाव घ्यायचे तो समोर नसला तरी चालते. पण हाक मारायची तर ऐकणारा कोणी आहे, हे मनाने आधीच मानलेले असते. ओसाड घराच्या दारात उभे राहून कोणी हाका मारीत नाही. म्हणून 'विठ्ठला' या एका शब्दात 'तू आहेस, आणि तू ऐकतोस' एवढा भाव आलाच. ज्याला हा भाव सापडला, त्याचा अर्धा प्रश्न सुटला.

शंका पहिली : इतक्या नावांतून कोणते घ्यावे?

महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्माचार्यांनी धर्मराजाला विष्णूची सहस्र नावे सांगितली. ही नावे गुणांवरून पडलेली आणि ऋषींनी गायिलेली आहेत, असे ते आरंभीच सांगतात. आता गंमत पाहा. त्या सहस्र नावांत 'विठ्ठल' हे नाव नाही. संध्येच्या वेळी आचमनाला केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावे घेतात त्यांतही नाही. मग ज्या नावाने लाखो वारकरी आषाढीला पंढरीची वाट चालतात, ते नाव आले कोठून?

पंडितांनी याची उत्तरे पुष्कळ दिली आहेत. जुने शास्त्री अक्षरे फोडून सांगतात, की विद् म्हणजे ज्ञान, ठ म्हणजे शून्य, ल म्हणजे घेणारा. जे ज्ञानाने शून्य, त्यांना ज्ञानाने जवळ घेतो तो विठ्ठल. कोणी म्हणतात, विटेवर उभा म्हणून विठ्ठल. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १९१३ साली आपल्या ग्रंथात मांडले, की विष्णु या शब्दाचेच कानडी मुलखात बिट्टि, विट्टु असे रूप झाले आणि त्यावरून विठ्ठल आले. होयसळ राजा विष्णुवर्धन याचे आधीचे नाव बिट्टिदेव होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मताचे बळ कळते. कर्नाटकात तर पुरंदरदासांनी 'पुरंदर विठ्ठल', विजयदासांनी 'विजय विठ्ठल' अशा मुद्रांनी पदे गायिली. एकाच विठ्ठलाला प्रत्येकाने आपल्या घरचे नाव लावून घेतले.

यांपैकी कोणती व्युत्पत्ती खरी, हा वाद विद्वानांनी खुशाल करावा. आपल्याला एवढे पुरे, की हे नाव कोशातून लोकांत आलेले नाही. ते लोकांच्या तोंडी वाढले आणि मग शास्त्र्यांनी त्याचा अर्थ लावला. आईला 'आई' म्हणणारे लेकरू शब्दाची व्युत्पत्ती विचारून हाक मारीत नाही.

मग रामकृष्ण हरि? तुकोबारायांनी आपल्या अभंगात सांगून ठेवले आहे, की माघ शुद्ध दशमी, गुरुवारी, स्वप्नात बाबाजी सद्गुरूंनी हा मंत्र दिला, आणि तो आपल्या आवडीचा होता. यातले मर्म पाहा. गुरूने शिष्याची आवड पाहून नाव दिले. या मंत्राला ॐकार नाही, बीज नाही, 'नमः' नाही, न्यास नाही. नारदांनी ध्रुवबाळाला वासुदेवाचा द्वादशाक्षरी मंत्र दिला, त्यात नमस्कार आहे म्हणून नावाला चतुर्थी लागली. इथे नुसती तीन नावे एकापुढे एक ठेवली आहेत.

यावर एखादा व्युत्पन्न म्हणतो, "हे अशुद्ध आहे. हाक असेल तर 'हरे' पाहिजे, आणि नाव असेल तर 'हरिः' पाहिजे. 'हरि' हे दोन्हींकडून सुटले." त्याला आमचे सांगणे असे, की बाबा, ही मराठी आहे. मराठीत हरि नावाच्या माणसाला अंगणातून हाक मारायची तर 'हरि' असेच म्हणतात. कलिसंतरण उपनिषदात 'हरे' असे संबोधन आहे ते संस्कृतात बरोबर, आणि देहूच्या वाण्याच्या तोंडी 'हरि' आहे ते मराठीत बरोबर. दोन्हींकडे देव तोच.

आणखी एक व्यावहारिक शंका बायका हळूच विचारीत. जुन्या काळी बाई नवऱ्याचे आणि सासऱ्याचे नाव घेत नसे. ज्या बाईच्या यजमानांचे नाव विठ्ठल, तिने हरिपाठात काय करावे? आमच्या पाहण्यातल्या अशा बाया 'पंढरीनाथा' म्हणत, 'माउली' म्हणत, आणि टाळीचा ठेका सोडीत नसत. त्यांचे काही अडले नाही.

शेवटी गजेंद्राकडे पाहा. भागवताच्या आठव्या स्कंधात मगरीने पाय धरलेला तो हत्ती जी स्तुती करतो, ती कोणा एका देवाचे रूप धरून केलेली नाही. जे सर्वांचे मूळ आहे त्याला तो हाक मारतो. भागवतकार म्हणतात, आपापल्या रूपाचा आणि चिन्हांचा अभिमान असलेले ब्रह्मादिक देव आले नाहीत. सर्वांचा आत्मा असलेला हरि मात्र धावून आला. उलट अजामिळाने हाक मारली ती आपल्या पोराला, आणि ते नाव निघाले नारायणाचे. एकाने विशेष नाव घेतले नाही, दुसऱ्याने घेतले ते दुसऱ्यासाठी. दोघांचीही हाक पोहोचली.

शंका दुसरी : 'अरे' म्हणावे की 'अहो'?

ही शंका सभ्य माणसांची आहे. कचेरीत साहेबाला 'अहो' म्हणायचे आणि त्रैलोक्याच्या धन्याला 'अरे' म्हणायचे, हे त्यांच्या मनाला टोचते. त्यांनी आपल्याच घरात पाहावे. पुष्कळ घरांत वडिलांना 'अहो बाबा, तुम्ही' असे म्हणतात, पण आईला? आईला 'अगं आई, तू'. आईविषयी आदर कमी असतो म्हणून काय? छे! तिच्यापाशी अंतरच नसते, म्हणून.

आता संतांनी देवाला काय मानले ते पाहा. नावाच्या शेवटचा 'बा' बापाचा, म्हणून विठोबा. पण तेवढ्याने त्यांचे भागले नाही. ते विठाई म्हणाले, विठामाई म्हणाले. नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंच्या अभंगांत तर विठाबाई अशी हाक आहे, आणि रागावल्यावर 'विठ्या' असा उद्धारही आहे. मिशा-दाढी असलेले टाळकरी एका पुरुषमूर्तीला आई म्हणतात आणि कोणाला त्यात नवल वाटत नाही, हे या संप्रदायाचे मोठे वैभव आहे. ज्ञानदेवांची मुद्रा 'बापरखुमादेवीवरु' अशी आहे. त्यात नात्यानेच ओळख सांगितली, रखुमाईचा पती तो आपला बाप. पंढरीराया असे दरबारी शब्दही संतांनी वापरले आहेत. म्हणून ज्याला 'तुम्ही' म्हणावेसे वाटते त्याने तसे म्हणावे. पण 'तू' म्हणणाऱ्याला अडाणी समजू नये. तो आईशी बोलत आहे.

शंका तिसरी : उच्चार चुकला तर?

या शंकेपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण येथे माणसे दुखावतात.

एका वारीत तरडगावच्या मुक्कामी आमच्या दिंडीतली एक म्हातारी रात्री हरिपाठाला 'इठ्ठल, इठ्ठल' म्हणत होती. शेजारी एक शिकलेला तरुण होता. मुलगा वाईट नव्हता. तो कळवळ्याने म्हणाला, "आजी, 'वि' म्हणा. चुकीचा उच्चार केला की नामाचे फळ मिळत नाही." म्हातारी गप्प झाली. दुसऱ्या दिवशी फलटणपर्यंत ती डोक्यावर तुळस घेऊन चालली, पण तोंडातून अवाक्षर काढीना. वीणेकऱ्यांनी विचारले तेव्हा म्हणाली, "माज्या तोंडानं देवाचं नाव बाटतंया म्हनं. मंग नुसतंच चालते."

चाळीस वर्षे जी बाई नाम घेत आली, तिचे नाम एका वाक्याने बंद पडले! हा दोष उच्चाराच्या दोषाहून केवढा तरी मोठा आहे.

त्या मुलाला आम्ही जे सांगितले तेच येथे लिहितो. वेदमंत्राला स्वराचा नियम आहे, यात संशय नाही. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. पण 'इंद्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकला, समास फिरला, आणि इंद्रच ज्याला मारील असा वृत्र जन्माला आला. पतंजलींनी महाभाष्यात हा दाखला दिला आहे, तो मंत्रासाठी. तो नामाला लावू नये. नामाचा दाखला वाल्या कोळ्याचा. त्याला 'राम' म्हणता येईना, तो 'मरा मरा' म्हणत बसला, आणि त्याचा वाल्मीकि झाला. मंत्र ही क्रिया आहे, तिला विधी लागतो. नाम ही हाक आहे, तिला गरज लागते. बुडणारा माणूस शुद्ध उच्चार करीत नाही आणि काठावरचा माणूस त्याचे व्याकरण तपासीत नाही.

सहस्रनामात दोन नावे शेजारी शेजारी आली आहेत, शब्दातिग आणि शब्दसह. शब्दातिग म्हणजे शब्दांच्या पलीकडचा. शब्दसह याचा अर्थ आचार्य सांगतात, की सर्व वेद तात्पर्याने ज्याचेच वर्णन करतात तो. आम्ही कीर्तनात त्याला आणखी एक अर्थ जोडतो, जो आपले शब्द सहन करतो तो. शब्द ज्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत, तोच आपले बोबडे बोल ऐकून घेतो.

दूरची हाक आणि जवळची हाक

पाणिनींचे एक सूत्र आहे. दूरच्याला हाक मारताना शेवटचा स्वर प्लुत करावा, म्हणजे तीन मात्रांचा लांबवावा. दूर म्हणजे किती? टीकाकार म्हणतात, नेहमीहून अधिक प्रयत्न केल्याशिवाय जिथे शब्द ऐकू जात नाही, ते दूर. कीर्तनात द्रौपदीची कथा सांगतात, की तिने 'द्वारकावासी' म्हणून हाक मारली म्हणून देवाला द्वारकेहून यावे लागले. 'हृदयस्था' म्हणाली असती तर तेवढाही वेळ लागला नसता. आपण ज्या नावाने हाक मारतो, तेवढे अंतर आपणच ठरवितो.

पण काहींच्या वाट्याला हे अंतर दुसऱ्यांनी आणले. चोखोबारायांना देवळात जाऊ दिले नाही. त्यांची हाक महाद्वाराबाहेरून होती, म्हणून ती प्लुत होती. देव दूर नव्हता, माणसांनी त्यांना दूर ठेवले होते. मंगळवेढ्यास भिंत कोसळून ते गेले. हाडांच्या ढिगातून त्यांची हाडे कशी ओळखली? परंपरा सांगते, नामदेवरायांनी कान लावला आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती उचलली. त्या हाडांना जीभ नव्हती, ओठ नव्हते, 'वि' कोठून म्हटला कोण जाणे! साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले आणि मंदिराचे दार सर्वांना खुले झाले. ते दगडी दार उघडले. आता उच्चाराचे, शुद्धतेचे, 'आमचेच नाव खरे' या अभिमानाचे नवे दार कोणी लावू नये, एवढेच सांगायचे आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे जन्माने मुसलमान. त्यांना संतमंडळीत मानाने बसविणारा हा संप्रदाय आहे.

तात्पर्य

जे नाव दुःखात आपोआप तोंडी येते, तेच आपले नाव समजावे. गुरूने नाव दिले असेल तर ते धरावे. दिले नसेल तर रामकृष्ण हरि सर्वांसाठी उघडे आहे. एक नाव धरावे आणि दुसरे हलके मानू नये. आपला उच्चार आपण हौसेने सुधारावा, दुसऱ्याच्या तोंडातले नाम थांबवू नये. आणि वारीत ज्या शब्दाने देवाला हाक मारतो, त्याच शब्दाने शेजारच्याला 'माउली, जरा सरका' म्हणतो, याचा अर्थ नीट मनात धरावा. देवाला माउली म्हणून शेजारच्या माउलीला धक्का देणाऱ्याची हाक अजून ओठांवरच आहे.

हाक मारणाऱ्याने आपले नाव निवडावे. ओ देणाऱ्याने कधी निवड केलेली नाही.

रामकृष्ण हरि.