एका तबकडीवर अकरा बँड : संकलन कसं वाचायचं?

लिंबायतमध्ये 'बँड' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाची वरातच येते. पितळी वाद्यं, चकचकीत कोट, पुढे नाचणारी पोरं. या लेखातला बँड मात्र वेगळा आहे. तीन-चार मित्र, दोन गिटार, एक ड्रमचा संच, सरावाला कुणाच्या तरी घराचं तळघर, आणि गाणी त्यांनी स्वतःच लिहिलेली. असे बँड जगात हजारोंनी निघतात आणि दोन-तीन वर्षांत मोडतात. कुणाचं कॉलेज संपतं, कुणाला नोकरी लागते, कुणाचं कुणाशी पटत नाही. मागे काय उरतं? बऱ्याचदा एकच गाणं, आणि तेही दुसऱ्या दहा बँडांच्या शेजारी, एखाद्या संकलन-अल्बमवर.

साहित्य मंडळाच्या अंकात हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. पण मित्रहो, संकलन हा साहित्याचाच जुना प्रकार आहे, आणि आपल्या भाषेच्या पूर्वजांनी तो फार लवकर हाताळला. हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' घ्या. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथा, आणि त्या एका कवीच्या नाहीत. कोट्यवधी गाथांमधून या सातशे निवडल्या, असा दावा ग्रंथाच्या आरंभीच केला आहे. कोटीचा आकडा आपण सोडून देऊ, पण 'निवडल्या' हा शब्द धरून ठेवू. रेवा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा ही कवयित्रींची नावं आपल्याला कळतात ती याच परंपरेतून. त्यांची स्वतंत्र पुस्तकं आपल्या हाती नाहीत. कुणीतरी त्यांची एखाद-दुसरी गाथा उचलून दुसऱ्यांच्या गाथांशेजारी ठेवली, म्हणून त्या आहेत.

आणखी एक गंमत बघा. या ग्रंथाच्या वेगवेगळ्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. जर्मन पंडित वेबर यांनी एकोणिसाव्या शतकात सगळ्या प्रती तपासल्या, तेव्हा एकूण ९६४ गाथा निघाल्या आणि सगळ्या प्रतींत समान अशा फक्त ४३० च्या आसपास भरल्या. म्हणजे पुढच्या प्रत्येक लेखनिकानं आपल्या आवडीनं काही काढलं, काही घातलं. आपल्याकडचा मोबाईलवाला मेमरी कार्डात गाणी भरून देताना जे करतो, ते काही फार नवीन नाही!

आता तबकडीकडे येऊ. संकलन-अल्बमचा व्यवहार समजला तर त्याचा आकारही समजतो. लाँगप्ले रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं मावतात, दोन्ही बाजू मिळून दहा-बारा गाणी. एका अनोळखी बँडनं स्वतःच्या खर्चानं अशी तबकडी काढायची म्हटली तर ध्वनिमुद्रण, छपाई, वेष्टण सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. दहा बँडांनी एक तबकडी वाटून घेतली की प्रत्येकाचा भार हलका होतो. त्यात एखादं ओळखीचं नाव असलं तर दुकानात गिऱ्हाईकाचा हात तिकडे जातो, आणि त्या एका नावाच्या पाठीवर बसून बाकीचे नऊजण त्याच्या घरी पोहोचतात. आपल्या दिवाळी अंकांचं गणित याहून वेगळं नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मुखपृष्ठावर मोठी नावं आणि आतल्या पानांत नवे कवी, ही रीत चालत आली आहे.

आपल्याकडे अनोळखी बँडांचं असं संकलन झालं का? झालं, आणि तेही मुंबईत. साठच्या दशकाच्या शेवटी इंपीरियल टोबॅको कंपनीनं (आजची आयटीसी) आपल्या 'सिमला' सिगारेटच्या जाहिरातीसाठी 'ऑल इंडिया सिमला बीट काँटेस्ट' सुरू केली. देशभरातून बँड यायचे आणि अंतिम फेरी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात व्हायची. हो, तेच षण्मुखानंद, जिथे शास्त्रीय गायनाच्या मैफली होतात. तिथे लांब केसांची पोरं इलेक्ट्रिक गिटार वाजवत होती. या स्पर्धेतून दोन लाँगप्ले निघाल्या : 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१'. शिलाँगचे फेंटोन्स, मद्रासचे कन्फ्युजन्स, कलकत्त्याचा ग्रेट बेअर, बंगळूरचे डायनासोर्स, सगळे एका तबकडीवर. काही गाणी परदेशी बँडांची नक्कल होती, काही त्यांची स्वतःची. यातल्या बहुतेकांचा पूर्ण अल्बम कधीच निघाला नाही.

या काळाबद्दल ज्यांना वाचायचंय त्यांनी सिद्धार्थ भाटिया यांचं 'इंडिया सायकेडेलिक' (२०१४) हे इंग्रजी पुस्तक जरूर बघावं. मला त्यातून जाणवलेली गोष्ट अशी की ही पोरं बहुतेक शहरी, इंग्रजी शाळांतली होती आणि गाणी इंग्रजीतच म्हणत होती. मुंबईत अंतिम फेरी, पण तबकडीवर मराठी नाही. त्याच मुंबईत त्याच सुमारास मराठी कवी आपलं स्वतःचं संकलन वेगळ्या मार्गानं करत होते. १९५५ च्या सुमारास 'शब्द', मग साठच्या दशकात अशोक शहाणे यांचं 'असो' आणि पुढे 'वाचा', अशी लघु-अनियतकालिकं निघत होती. पैसे थोडे, प्रती थोड्या, आणि प्रस्थापित मासिकांनी दार लावलेलं. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे हे या वाटेनं आलेले कवी आहेत. गिटारवाल्यांना सिगारेट कंपनी मिळाली. कवींना ती मिळाली नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं! कारण सिमला बीटच्या दोन्ही तबकड्यांच्या नावात बँड कुठेच नाहीत, सिगारेट आहे. संकलन वाचताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : हे कुणाच्या पैशानं निघालं आणि नाव कुणाचं मोठं छापलं?

याच प्रश्नाचं वेगळं उत्तर अमेरिकेत सापडतं. वॉशिंग्टन शहरात 'टीन आयडल्स' नावाचा शाळकरी पोरांचा बँड १९८० मध्ये मोडला. कार्यक्रमांतून मिळालेले पैसे त्यांनी वाटून न घेता साठवले होते. त्या पैशातून त्यांनी स्वतःची छोटी तबकडी काढली, म्हणजे बँड संपल्यावर! त्यासाठी जी कंपनी काढली ती 'डिसकॉर्ड रेकॉर्ड्स'. वेष्टणं ही पोरं स्वतः कात्रीनं कापून, दुमडून, डिंकानं चिकटवायची. १९८२ मध्ये डिसकॉर्डनं 'फ्लेक्स युवर हेड' हे संकलन काढलं. एकाच शहरातले अकरा बँड आणि बत्तीस गाणी. बत्तीस गाणी मावली कारण बरीचशी मिनिट-दीड मिनिटाचीच होती. त्यातले काही बँड तोवर मोडलेही होते. म्हणजे ती तबकडी एकाच वेळी ओळख करून देत होती आणि श्रद्धांजलीही वाहत होती.

याच शहरात १९८५ च्या आसपास 'राइट्स ऑफ स्प्रिंग' आणि 'एम्ब्रेस' या बँडांनी जोरकस, आदळआपट करणाऱ्या हार्डकोर संगीतात स्वतःच्या मनातलं, अगदी खाजगी दुःख आणलं. लोकांनी त्याला 'इमोशनल हार्डकोर' म्हटलं, पुढे ते आखडून 'इमो' झालं. गाणाऱ्यांना हा शब्द मुळीच आवडला नाही. 'एम्ब्रेस'चा गायक इयन मकाय यानं तर स्टेजवरूनच त्याची टर उडवली. आपल्याकडे 'नवकविता', 'ग्रामीण', 'दलित' अशी लेबलं लागली तेव्हा किती लेखकांनी नाकं मुरडली, ते आठवा.

इमो म्हणजे मग भावगीत का? वर्गात हा प्रश्न हमखास येतो. मला तरी ही तुलना फार पुढे नेता येत नाही. भावगीतात कवी एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा. दुःख तिघांच्या हातातून घासून-पुसून येतं. इमोत लिहिणारा आणि ओरडणारा बहुधा एकच असतो, आणि घासणं-पुसणं त्याला मान्यच नसतं. जवळचा शब्द शोधायचा तर रोजनिशी.

आणि नेमकं हेच नाव पुढे आलं. 'डीप एल्म रेकॉर्ड्स' या छोट्या अमेरिकन कंपनीनं १९९७ मध्ये 'द इमो डायरीज' ही संकलन-मालिका सुरू केली. भागांना 'चॅप्टर' म्हटलं. २००७ पर्यंत अकरा भाग झाले आणि २०११ मध्ये बारावा आला. मालिकेचं नाव आधी 'इंडी रॉक डायरीज' ठेवायचं ठरलं होतं. 'इंडी' म्हणजे मोठ्या कंपनीच्या छत्राखाली नसलेले. पण पहिल्याच भागातले 'जिमी ईट वर्ल्ड' आणि 'सॅमियाम' हे दोन बँड तेव्हा मोठ्या कंपन्यांकडे होते. मग 'इंडी' म्हणायचं कसं? म्हणून 'इमो'. ज्या नावावरून पुढे पोरांची भांडणं झाली, ते असं अडचणीतून सुटायला घेतलेलं होतं!

मालिकेचं धोरण खुल्या प्रवेशाचं होतं. कुठल्याही बँडनं गाणं पाठवावं, कंपनी ऐकेल आणि निवडेल. ना ओळख लागे, ना शिफारस. त्यामुळे झालं असं की 'इमो'च्या एका पाटीखाली संथ, गोंगाटी, कुजबुजणारी, किंचाळणारी अशी सगळ्या जातींची गाणी एकत्र आली. काही समीक्षकांना हा घोळ वाटतो. मला ती मालिकेची ताकद वाटते. दार उघडं ठेवलं की घर नीटनेटकं राहत नाही, हे आपल्या आयांना विचारा.

जिमी ईट वर्ल्ड या ॲरिझोनातल्या बँडचं पुढे काय झालं तेही सांगतो. मोठ्या कंपनीशी त्यांचं नातं तुटलं. पुढचा अल्बम त्यांनी स्वतःच्या खर्चानं मुद्रित केला. तो 'ब्लीड अमेरिकन' २००१ मध्ये आला आणि जगभर गाजला. पण संकलन वाचताना या एका यशाकडे बघून भुलू नका. त्याच चॅप्टरवरचे बाकीचे बँड किती जणांना माहीत आहेत? संकलनाचा खरा अभ्यास त्या बाकीच्यांत आहे. पहिलं गाणं सहसा ओळखीच्या नावाचं असतं. सर्वात विचित्र गाणं बहुधा दुसऱ्या बाजूला, शेवटाआधी सापडतं, कारण संकलकाला ते सोडवत नाही आणि पुढे ठेवायला धीरही होत नाही. कवितासंग्रहाचा क्रम असाच वाचून बघा, संपादकाचं मन दिसू लागतं.

आता आपल्या गल्लीत येऊ. लिंबायत, उधना, डिंडोली हा पट्टा धुळे-जळगाव-नंदुरबारहून लूमवर कामाला आलेल्या माणसांनी भरलेला आहे. घरात अहिराणी, शाळेत मराठी किंवा गुजराती, कारखान्यात हिंदी. श्रावणात कानबाई बसते तेव्हा रात्रभर बाया गातात. लग्नात हळदीची गाणी वेगळी. आपली पोरंही अहिराणीत गाणी बांधतात, मोबाईलवर मुद्रित करतात, ती डीजेवर वाजतात. आधी कॅसेट होती, मग सीडी, मग मेमरी कार्ड. कॅसेटमुळे भारतात प्रादेशिक गाणं किती स्वस्त आणि किती मोकळं झालं, यावर पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' हा अख्खा ग्रंथ लिहिला. पण कॅसेटच्या आतल्या कागदावर निदान गाणाऱ्याचं नाव असायचं. मेमरी कार्डात गाणं आलं की त्याचं नाव 'ट्रॅक ०७' होतं किंवा 'खान्देशी नॉनस्टॉप'. गाणं जिवंत राहतं आणि गाणारा पुसला जातो. हालाच्या लेखनिकांनी निदान काही नावं तरी ठेवली होती!

बहिणाबाईंचंच बघा. आसोद्याची ही बाई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. शेतात, जात्यावर गाणी रचायची. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, त्यानं आणि घरातल्यांनी ती उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. ती वही नसती तर आज त्या ओव्या लोकगीत म्हणून कुणाच्याही तोंडी असत्या, आणि पाठ्यपुस्तकात खाली 'पारंपरिक' असं छापलं असतं. 'पारंपरिक' हा शब्द बघितला की मला नेहमी शंका येते की इथे कुणाची तरी वही हरवली आहे.

म्हणून मंडळातल्या ज्यांना या विषयावर प्रकल्प करायचाय, त्यांना माझी सूचना अगदी साधी आहे. आपापल्या गल्लीतली दहा गाणी गोळा करा. जुनी-नवी दोन्ही चालतील, कानबाईचीही आणि डीजेवरचीही. निवडीचे निकष आधीच ठरवू नका, डीप एल्मसारखं दार उघडं ठेवा. फोनवर मुद्रण करण्याआधी परवानगी घ्या, आणि हे कुणाकुणाला ऐकवणार तेही सांगा. काही गाणी बाया फक्त बायांतच गातात, ती बाहेर न्यायची नाहीत असं कुणी म्हणाली तर तिथेच थांबा. प्रत्येक गाण्यासोबत एक चिठ्ठी हवी : कुणी गायलं, गाव कोणतं, सुरतेला कधी आले, गाणं कुणाकडून शिकले, कोणत्या दिवशी मुद्रित केलं. क्रम लावाल तेव्हा कोणतं पहिलं आणि का, हे चार ओळींत लिहा. प्रकल्पाचे निम्मे गुण मी त्या चार ओळींना देईन.

चिठ्ठीवरचं नाव मात्र अंदाजानं लिहू नका. गल्लीत जिला सगळे 'अमक्याची आई' म्हणून ओळखतात तिला तिचं नाव कसं हवंय, माहेरचं की सासरचं, आणि कोणत्या लिपीत, हे तिलाच विचारून लिहा.