‘निगेटिव्ह’ कागदात न मावणारं हृदय

मेन कून जातीच्या मांजराचं पिल्लू घेणाऱ्यापुढे ब्रीडर ‘एचसीएम निगेटिव्ह’ असा जनुकीय चाचणीचा कागद ठेवतो आणि घेणारा निर्धास्त होतो. कागद खोटा नसतो. आपण तो चुकीचा वाचतो. एचसीएममध्ये हृदयाचा स्नायू जाड होत जातो. मेन कूनमधलं त्याचं एक कारण, एमवायबीपीसी३ जनुकातला एक बदल, २००५ साली सापडलं. रॅगडॉल या दुसऱ्या जातीत २००७ साली त्याच जनुकातला, पण वेगळा बदल हाती लागला. गालाच्या आतून बोळा फिरवून केलेली चाचणी त्या त्या जातीतला तेवढा एकच बदल शोधते. माणसांत याच आजाराला कारणीभूत ठरणारे शेकडो बदल निरनिराळ्या जनुकांत आढळले आहेत. मांजरांच्या बाबतीतच निसर्गाने एका बदलात भागवलं असेल, असं मानायला मी तयार नाही. आणि निगेटिव्ह मेन कूनलाही एचसीएम होतो, हे तर पशुवैद्यांनी पाहिलेलंच आहे.

मग चाचणी करायचीच कशाला, असं कोणी म्हणेल. करायची, कारण आई आणि बाप दोघांकडूनही तो बदल आलेल्या मांजराला धोका खरोखरच मोठा असतो. एकाकडूनच आला असेल तर पुष्कळ मांजरं निरोगी हृदयानिशी म्हातारी होतात. ‘असे सगळे वाहक पैदाशीतून काढून टाका’ हा दुसरा आक्षेप ऐकायला बाणेदार वाटतो. पण मेन कूनमध्ये हा बदल साधारण एक तृतीयांश मांजरांत आढळतो, आणि मुळातच लहान गोतावळ्यातून एवढी मांजरं वगळली तर दुसरे आनुवंशिक रोग डोकं वर काढतील. वाहकाची जोडी निगेटिव्हशी जमवून पुढच्या पिढीत निगेटिव्ह पिल्लं निवडणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

हृदय आज कसं आहे हे मात्र इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच सांगते. स्टेथोस्कोपवर विसंबू नये. आजारी मांजराच्या छातीतही कित्येकदा वेगळा आवाज येत नाही. इकोचीही मुदत असते: हृदयाची भिंत वयानुसार जाड होत जाऊ शकते, म्हणून पहिल्या वर्षीचा स्वच्छ अहवाल पाचव्या वर्षी जुना झालेला असतो. खर्च होतो, हे खरं. तरी पिल्लाच्या आईबापांचा इको कितव्या वर्षी झाला आणि पुन्हा कधी झाला, हे विचारायला पैसे पडत नाहीत. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या पर्शियन मांजरांच्या बाबतीत तर हे आधी विचारावं. त्यांच्यासाठी जी जनुकीय चाचणी सर्रास होते, ती मूत्रपिंडातल्या गाठींची आहे, हृदयाची नव्हे.