ब्लास्टचा निकाल : डब्यात डबा

प्रश्न : ब्लास्ट, ब्लॅट, एक्सोनरेट या जनुकीय क्रम जुळवणाऱ्या प्रत्येक साधनाच्या निकालाचा साचा वेगळा. सगळ्यांसाठी एकच ऑब्जेक्ट-रचना कशी आखावी?

उत्तर : आधी बायोपायथॉनमधले ‘सर्चआयओ’ पाहावे. 2012च्या गूगल समर ऑफ कोडमध्ये ते आकाराला आले. क्वेरीच्या निकालात हिट, हिटमध्ये एचएसपी (म्हणजे एकेक जुळणी), एचएसपीत तुकडे. शेवटचा थर उगाचचा वाटतो खरा. पण ब्लॅट एमआरएनए जीनोमवर बसवते तेव्हा इन्ट्रॉनपाशी जुळणी तुटते आणि तोच थर कामी येतो.

खरी मेख जुळणीच्या जागा दाखवणाऱ्या आकड्यांत आहे. ब्लास्ट 1पासून मोजते, पायथॉन 0पासून आणि शेवटचा आकडा न धरता. म्हणून ब्लास्टचे 1 ते 50 सर्चआयओत 0 ते 50 होतात. उलट्या धाग्यावर ब्लास्ट मोठा आकडा आधी छापते. सर्चआयओ लहानच आधी ठेवते, दिशा वेगळी नोंदवते.

फाइल अवाढव्य असेल तर ‘पार्स’ वापरावे. ते एकेका क्वेरीचाच निकाल हाती देते.