लाटांवरची शर्यत : जुना गेम सरस कसा?

प्रश्न : माझा मुलगा मोबाइलवर जेट स्कीच्या शर्यतींचे गेम खेळत असतो. त्याचा मामा मात्र त्याला सांगतो, की या प्रकारातला सगळ्यात सरस गेम १९९६ सालीच येऊन गेला. इतका जुना गेम आजच्या गेमपेक्षा चांगला कसा असेल? आणि त्यात काहीच खोट नाही का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मामांच्या मनातला गेम बहुधा निन्टेन्डोचा ‘वेव्ह रेस ६४’ असावा. शिगेरू मियामोतो त्याचे निर्माते. ‘मारिओ’ही त्यांचाच. मामांचं म्हणणं मला पटतं, आणि त्याचं कारण एकच आहे : पाणी.

मोटारींच्या गेममध्ये रस्ता जागचा हलत नाही. वळण कुठे आहे हे एकदा पाठ झालं, की निम्मं काम झालं. या गेममध्ये मात्र पायाखालची जमीनच वर-खाली होते. लाट चढताना जेट स्कीचं नाक वर जातं, माथ्यावरून ती हवेत उडते आणि पुन्हा आपटताना नाक सरळ नसेल तर वेग मरतो. मागच्या फेरीत जिथून सहज गेलात, तिथेच या फेरीत लाट आडवी येते. त्यामुळे नुसतं पाठांतर पुरत नाही, समोरचं पाणी बघत खेळावं लागतं. कंट्रोलरची दांडी थोडी कलवली तर थोडं वळण, जास्त कलवली तर जास्त. मागे ओढली की झोक घेऊन तीव्र वळण घेता येतं. मोबाइलच्या काचेवर बोट घासून हा अंदाज हाताला येत नाही.

दुसरी खुबी बोयांची. लाल बोयाच्या उजवीकडून जायचं, पिवळ्याच्या डावीकडून. प्रत्येक बोया बरोबर घेतला की इंजिनाची ताकद एकेक पायरी चढते. एक चुकला की सगळी कमाई गेली, आणि पाच चुकले की शर्यतीतून बाद. लाटेने बाजूला फेकलं असताना बोयासाठी वळायचं की तो सोडून सरळ पुढे निघायचं, हे क्षणात ठरवावं लागतं. गेमची खरी रंगत मला तिथेच वाटते.

जागाही विचारपूर्वक रचल्या आहेत. ड्रेक लेकचं पाणी शांत, वर सकाळचं धुकं, आणि फेऱ्या होतील तसं ते विरत जातं. सदर्न आयलंडवर शर्यत चालू असतानाच भरती ओसरू लागते आणि वाट बदलते. किनाऱ्यावर राहणाऱ्या तुमच्या मुलाला हे लगेच कळेल.

आता खोट. गेम लहान आहे. सरावाची डॉल्फिन पार्क धरून जागा नऊ, स्पर्धक फक्त चार. त्यातही सदर्न आयलंड सगळ्यात अवघड पातळीवरच खुलतं, म्हणजे नवखा खेळाडू तिथपर्यंत पोचायच्या आत कंटाळू शकतो. मला सगळ्यात खटकतं ते दोघांचं खेळणं : स्क्रीनचे दोन भाग होतात आणि पाण्यावर ते दोघेच उरतात, संगणकाचे स्पर्धक गायब. एक पुढे निघून गेला की दुसऱ्याला चुरस अशी राहतच नाही. लांबची दृश्यं धूसर आहेत, पण त्या काळच्या यंत्राला तेवढं माफ करावं.

२००१ मध्ये निन्टेन्डोच्या गेमक्यूब या यंत्रावर ‘ब्लू स्टॉर्म’ हा पुढचा भाग आला. त्यात स्पर्धक वाढले, चौघांना एकत्र खेळायची सोय झाली, हवामान बदलू लागलं. तरीही ‘वेव्ह रेस ६४’चा सुटसुटीतपणा त्यात नाही, असं माझं मत. त्यानंतर ‘वेव्ह रेस’ मालिकेत नवा गेम निघालेला नाही.

जुनं यंत्र शोधत फिरायची गरज नाही. निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सेवेत, एक्स्पान्शन पॅकसह, हा गेम २०२२ पासून खेळता येतो. त्यासाठी मुद्दाम स्विच विकत घ्यावा असं मी म्हणणार नाही, पण मामांकडे तो असेल तर एका सुट्टीत मुलाला त्यांच्यासोबत बसवा. सुरुवात डॉल्फिन पार्कमधून करू द्या आणि बोयांचा नियम आधी समजावून सांगा, नाहीतर पहिल्याच शर्यतीत तो बाद होईल.