नाबोथचा मळा आणि मगरपट्ट्याची जमीन



जुन्या करारातील नाबोथची गोष्ट आपण ऐकली आहे (१ राजे, अध्याय २१). त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता. बदल्यात त्याने याहून चांगला मळा देऊ केला, रोख किंमतही देऊ केली. नाबोथने नकार दिला, कारण मळा हे त्याच्या वाडवडिलांचे वतन होते. राजाला त्यात जागा दिसली, नाबोथला घराणे दिसले.

आज मळ्याला राजवाडा नव्हे, शहर येऊन भिडते. पुणे महापालिकेत १९९७ साली अनेक गावे आली, २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. त्यांतील फुरसुंगी व उरुळी देवाची पुढे वेगळी करण्यात आली. हद्द सरकण्याआधीच भाव सरकतो. एकराची भाषा जाऊन गुंठ्याची भाषा येते, आणि एका एकरात चाळीस गुंठे असतात! पीक किती येते हे कोणी विचारत नाही, रस्ता किती जवळ आहे हे विचारतात. मग घाईने वाटण्या होतात, बहिणींच्या हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. आलेला पैसा बंगला, गाडी आणि लग्न यांत संपतो. जमीन एकदाच विकता येते.

हडपसरच्या मगरपट्ट्यात वेगळे घडले. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली आणि स्वतःची कंपनी काढली. ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे शेअर. २००० सालच्या सुमारास काम सुरू झाले. घरे विकली गेली, आयटी कंपन्यांच्या इमारतींचे भाडे येऊ लागले. शेतकरी आपल्याच जमिनीवर वॉचमन झाला नाही, भागीदार राहिला. पुढे सिंहगड रस्त्यावरील नांदेड सिटीही याच वाटेने उभी राहिली.

ही एकजूट कौतुकाची आहे. तरी दोन गोष्टी विसरू नयेत.

पहिली गोष्ट : शेअर सातबाऱ्यावर मिळाले. त्या मळ्यांत खुरपणी करणाऱ्या मजुराच्या नावावर सातबारा नव्हता. शेत गेले की मालकाला मोबदला मिळतो, मजुराचा रोजगार मात्र मुकाट्याने जातो. नगर जिल्ह्यातून पुण्यात आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांचे आजी-आजोबा दुसऱ्याच्या बांधावर राबले. हे दुःख आपल्याला परके नाही.

दुसरी गोष्ट : मालकी राखता आली, माती राखता आली नाही. काळ्या मातीचा एक थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. सिमेंटखाली गेलेली माती परत पिकत नाही, पावसाचे पाणीही जिरवत नाही. शहर वाढते तशी त्याची तहान वाढते. मग खडकवासल्याच्या कालव्यावर अवलंबून असलेल्या दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्याला आपले आवर्तन मिळेल की नाही, याची काळजी लागते. म्हणजे शेत केवळ शहराच्या वेशीवर जात नाही, साठ-सत्तर मैलांवरही सुकते.

तत्त्वज्ञानात किंमत आणि मोल यांत भेद करतात. किंमत घेणारा आणि देणारा मिळून ठरवतात. मोल मात्र त्या व्यवहारात नसलेल्यांचेही असते : मजुराचे, बहिणीचे, खालच्या गावाचे आणि अजून न जन्मलेल्या मुलांचे. विकणे हे पाप नव्हे. आजारपण, कर्ज, शिक्षण यांपायी विकावेही लागते. पण या चौघांना न विचारता विकणे म्हणजे अर्धाच हिशेब करणे होय.

कुटुंबात चर्चेसाठी :

१. गावाकडे आपली जमीन असेल, तर तिच्याविषयीचा निर्णय कोण घेतो? बहिणींना विचारले जाते का? (मृत्युपत्र नसेल, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ख्रिस्ती मुलगा व मुलगी यांना सारखा वाटा मिळतो.)

२. आपली सोसायटी उभी आहे, तेथे पूर्वी काय पिकत होते? तेथे राबणारे आज कोठे आहेत?

३. आपल्या घरात व सोसायटीत रोज किती पाणी वाया जाते?