चिप्स आटल्यावर कोणती पाने खेळावीत?

प्रश्न : पोकर स्पर्धेत जेमतेम 10 बिग ब्लाइंड उरले, की काय खेळावे?

उत्तर : नुसता कॉल करून फ्लॉप बघण्याची चैन आता विसरा. एकाच रंगाची सत्ती-छक्की कितीही देखणी दिसो, फ्लॉपवर तिचा फ्लश शंभरात एकदाही पुरा होत नाही. एक तर ऑल-इन, नाहीतर फोल्ड. पहिले बोलायचे असेल तर मधल्या-मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, बस्स. बटणावर असाल आणि आधीचे सगळे फोल्ड झाले असतील, तर कोणतीही जोडी, कोणताही एक्का, राजा-गुलामसुद्धा ढकला. मागे दोघेच उरतात. दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करताना मात्र हात आखडा, कारण तिथे समोरचा फोल्ड होणार नसतो. आणि एक्क्यांच्या जोडीची वाट पाहत 3 ब्लाइंडवर येऊ नका. तेवढ्या चिप्सच्या ऑल-इनला कुणी घाबरत नाही.