फोटोच्या आधीची पंचवीस वर्षं

बाळ, रेव्हरंड जॉन विल्सन यांचं चरित्र जुळवायला घेतलंस आणि पहिल्याच दिवशी जुने फोटो शोधायला निघालीस. जरूर शोध. पण गिरगावातल्या आमच्या चाळीत माझ्या मामांनी मला जे सांगितलं होतं, ते आधी ऐक.

फोटो हातात घेण्याआधी सनावळी मांड. विल्सनसाहेब १८२९ साली मुंबईत उतरले तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्यांच्या पत्नी मार्गारेटबाईंनी इथे मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ साली त्या वारल्या. फोटोची कला जगापुढे आली १८३९ मध्ये, आणि मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. तेव्हा मार्गारेटबाईंचा फोटो म्हणून कोणी काही दाखवलं, तर तो फार तर एखाद्या चित्रावरून काढलेला असेल. आधी असं अशक्य ते बाजूला काढ, मग उरलेल्याकडे बघ.

चेहऱ्याआधी पाठीमागची इमारत बघ. चौपाटीवरच्या विल्सन कॉलेजची इमारत १८८९ ची, आणि साहेब गेले १८७५ साली. त्या कमानींपुढे उभा असलेला पाद्री कितीही त्यांच्यासारखा दिसला, तरी तो दुसराच कोणी.

मग फोटो उलटा कर. त्या काळी अंड्याच्या बलकाचा नव्हे, पांढऱ्याचा थर दिलेल्या पातळ कागदावर फोटो छापत आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. साधारण चार इंच बाय अडीच इंचांचं छोटं कार्ड १८६० नंतर घरोघरी गेलं. त्याहून मोठं कॅबिनेट कार्ड मागाहून आलं. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव-पत्ता असतो. तो स्टुडिओ त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी होता, हे मुंबईच्या जुन्या डिरेक्टऱ्यांत शोध. मागे हाताने लिहिलेलं नाव मात्र लगेच खरं धरू नकोस. ते बहुधा नातवंडांनी लिहिलेलं असतं.

कपड्यांवरून माणूस ठरवू नकोस. नारायण शेषाद्री यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे ते स्वतः रेव्हरंड झाले आणि निजामाच्या मुलखात जालन्याजवळ त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. १८७३ साली न्यूयॉर्कला एका ख्रिस्ती परिषदेलाही ते पागोटं घालून गेले. ग्रुप फोटोतला पागोट्याचा माणूस म्हणजे मुनशी किंवा कारकून असं धरून चाललीस, तर असा धर्मोपदेशक हातचा जाईल. प्रत्येक माणसाला आकडा दे, मागच्या रांगेतल्या बायकांनाही. मग चर्चच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या नोंदवह्यांशी एकेक नाव ताडून बघ.

फोटो कडांनीच धर. चिकटपट्टी लावू नकोस, पेनाने काही लिहू नकोस, अल्बमच्या पानावरून ओढून काढू नकोस. खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश न लावता, दोन्ही बाजूंची प्रत मोबाइलवर घे. कोणाच्या घरून आणलास तर त्याच दिवशी परत कर. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोखंडी कपाटातही बुरशी चढते, म्हणून कोरड्या दिवसांतच फोटोंची पाकिटं उघड.

आता शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. मुंबईत कॅमेरा रुळला तेव्हा विल्सनसाहेब पन्नाशीला आले होते. फोटोत दिसतो तो मानमरातब मिळालेला वडीलधारा माणूस. मराठी शिकणारा, १८३२ साली इंग्रजी शाळा काढणारा, भर सभेत शास्त्री-पंडितांशी वाद घालणारा तरुण एकाही फोटोत नाही. तो त्यांच्याच ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ या मासिकात आहे, एशियाटिक सोसायटीच्या दप्तरात आहे, एडिंबरोच्या नॅशनल लायब्ररीतल्या मिशनच्या पत्रांत आहे. फोटो मिळाला नाही म्हणून ती पंचवीस वर्षं कोरी सोडू नकोस. चरित्र तिथूनच सुरू कर.